टिंबबाई

कराडला निघालो होतो. दुपारी महामार्गावरच्या एका हॉटेलात मिसळ सांगितली आणि समोरच्या पाटीवर नजर गेली. 'शुध्द शाकाहारी'. आधी अर्धा ध, मग द. मिसळ येईपर्यंत मी त्या ध-कडेच बघत बसलो. खोडच आहे. भेळेचा कागदसुद्धा आधी तपासतो, मग भेळ खातो. बायको म्हणते, तू लाल पेन घेऊनच जन्मलास. तसं नाही, ते पाचवीत मिळालं. आमच्या मराठीच्या बाईंकडून.

बाईंच्या लेखी जोडाक्षर म्हणजे वरात. "धाकटी पोरं पुढे नाचतात, थोरली मंडळी मागनं येतात. द पुढे, ध मागे." बुद्धी, युद्ध, सिद्ध, सगळ्या वराती अशाच निघायच्या. अल्पप्राण-महाप्राण हे भारदस्त शब्द पुढे कॉलेजात भेटले, तेव्हा त्यांचं काही विशेष वाटलं नाही.

बाई 1958 साली शाळेत लागल्या आणि 1991 साली निवृत्त झाल्या. त्याच शाळेतून, जवळजवळ त्याच वर्गातून. दुरेघी वहीत रोज 10 ओळी शुद्धलेखन, चुकलेला शब्द 5 वेळा, आणि टिंब चुकलं की अर्धा मार्क गेला. म्हणून टिंबबाई. हे नाव त्यांना ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी 'टिबबाई' लिहून ठेवलं, तर त्यांनी शांतपणे टिंब दिलं आणि धडा सुरू केला.

माझे बाबाही त्यांच्याच हाताखालून गेलेले. मात्र ते शाळेत होते तेव्हा 'नांव', 'गांव', 'केलें' असं लिहावं लागे. पुढे मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले, 1962 साली सरकारने ते मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. म्हणजे बाईंनी पहिली 4 वर्षं टिंब दिलं नाही म्हणून मार्क कापले आणि पुढची 29 वर्षं दिलं म्हणून. बाबांचा अर्धा मार्क 'नाव' लिहिल्याबद्दल गेला, माझा 'नांव' लिहिल्याबद्दल. मला ते बाबांनीच शिकवलं होतं. आजीला ठाम वाटायचं की बाईंचा आपल्या घरावर राग आहे. (मी आत्ता 'केलं-गेलं' लिहितोय त्यावरची टिंबं चालतात, काळजी नसावी.)

बाई हसायच्या नाहीत, पण हसवायच्या. 'गुरू' दीर्घ आणि 'गुरुदक्षिणा' ऱ्हस्व, असं का, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरू एकटा असला की दीर्घ. समोर दक्षिणा दिसली की लगेच ऱ्हस्व होतो." आम्ही हसलो, तर म्हणाल्या, "हसू नका, लिहून घ्या."

एकदा त्यांनी आमची सहल प्रीतिसंगमावर नेली. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात, यशवंतरावांची समाधी, बाग, भेळ. सगळ्या वर्गाला घाटावर बसवून बाईंनी विचारलं, प्रीती दीर्घ, मग प्रीतिसंगमात 'ति' पहिली का? मागच्या रांगेतला एकजण उठून म्हणाला, "बाई, संगम झाला की प्रीती ऱ्हस्व होते." पोरं खिंकाळली, मुली नदीकडे बघायला लागल्या. बाईंनी पदर नीट केला, म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे. बस." अजूनही कराडला गेलो की त्या घाटावर मला आधी तो 'ति' आठवतो, मग नद्या दिसतात.

मिसळ बरी होती. पैसे देताना गल्ल्यावरच्या माणसाला पाटीबद्दल सांगितलं. त्याने मान मागे करून पाटी वाचली, पुन्हा वाचली. म्हणाला, "शुद्धच आहे की, साहेब. तेल पण रोज नवीन." आता याला वरात कुठून सांगू.

1997 साली बाबा गेले. मी तेव्हा पुण्यात नोकरीला. दिवसकार्य आटोपून परत आलो तर खोलीच्या दारात पोस्टकार्ड पडलेलं. अक्षर लांबूनच ओळखलं. 'बाबा गेल्याचें कळलें. माझ्या पहिल्या वर्गातला तो. आईला जप. गांवीं आलास कीं घरीं ये. उत्तराची घाई नाहीं.'

जन्मभर आमच्याकडून खोडून घेतलेली टिंबं, सगळी तिथे होती. आणि मी, दारात उभा राहून, आधी ती मोजली. सात. म्हणजे साडेतीन मार्क. मग मजकूर वाचला.

कार्ड अजून आहे. उत्तराची घाई नाहीं, असं त्यांनी लिहिलं होतं. मी घाई केली नाही.