आमची वाटचाल : किलोमागे १३ रुपये

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत १९९४ साली आम्ही आमच्या फाउंड्रीचा कुपोला, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, पेटवला तेव्हा माणसं अकरा होती, साच्याची वाळू ठोकायचे रॅमर सहा आणि इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. मी बारावी सायन्स नापास. इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली, तीही लांबूनच. लागतही नव्हतं म्हणा. गिऱ्हाईक उद्यमनगरातलं, ऑइल इंजिनवालं. कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, ब्लो होल (हवेचं भोक) निघालं की शिव्या मराठीत मिळायच्या आणि पैसे चार महिन्यांनी. नावाजलेल्या यंत्रकारागीर म्हादबा मेस्त्रींच्या गावात इंग्रजीवाचून कुणाचं अडतं, असं कोण म्हणणार?

आमचा पहिला भागीदार म्हणजे आमचे पॅटर्नवाले, म्हणजे वाळूच्या साच्यासाठी नमुने करणारे, मिस्त्री. कागदोपत्री भागीदारी कधीच नव्हती, पण पहिली दोन वर्षं त्यांनी पगार घेतला नाही, म्हणून मी त्यांना भागीदारच म्हणतो. त्यांची आकुंचन पट्टी अजून माझ्या टेबलावर आहे. नवीन पोरं विचारतात, ही पट्टी चुकीची का? चुकीची नाही रे बाबा. बिडाचं लोखंड थंड होताना शंभराला एक आटतं, म्हणून पट्टीवरचा मीटरच मुळात एक सेंटीमीटर मोठा असतो. मिस्त्रींना ए-बी-सी-डी धड लिहिता यायची नाही. पण परदेशी ड्रॉइंग आलं की आधी उजवा खालचा कोपरा बघायचे. तिथे छाटलेल्या शंकूचं छोटं चिन्ह असतं. ते बघून म्हणायचे, "मालक, ह्ये अमेरिकी पद्धतीचं हाय, थर्ड अँगल. आपल्यागत वाचशीला तर डावं-उजवं फिरंल." दोन फाउंड्र्यांनी याच पायी आरशातल्यासारखे उलटे पॅटर्न करून ठेवलेले मी पाहिलेत. एमई झालेले इंजिनिअर होते तिथे.

परदेशी ड्रॉइंग आमच्याकडे यायला लागली ती एका मुंबईच्या मर्चंट एक्सपोर्टरमार्फत, म्हणजे दुसऱ्यांचा माल घेऊन परदेशी विकणाऱ्यामार्फत. नाव लिहीत नाही, कोल्हापुरात ज्यांना कळायचं त्यांना कळेल. सूट, पांढरी गाडी, आणि फोनवर असं इंग्रजी की आमचा अकाउंटंट उभा राहून ऐकायचा. २००३ ला आम्ही कर्ज काढून विजेवरची इंडक्शन भट्टी घेतली ती त्याच्याच ऑर्डरच्या भरवशावर. तो आम्हाला कारखान्याच्या दारात किलोला ४४ रुपये द्यायचा. आम्ही खूष, कारण लोकलला ४० सुटायची मारामार.

२००५ मध्ये एकदा त्याच्या ऑफिसातून फॅक्स आला. पहिलं पान आमच्यासाठी होतं, दुसरं चुकून आलेलं. ते त्याचं गिऱ्हाइकाला दिलेलं इन्व्हॉइस. किलोला १.१५ युरो. तेव्हा युरो ५५ च्या आसपास होता, म्हणजे ६३ रुपये झाले. ट्रक, न्हावा शेवा, क्लिअरिंग एजंट, पॅकिंगच्या पेट्या, सगळं धरून मी सहा रुपये वजा केले. तेरा उरले. लोखंड आमचं, वीज आमची, रिजेक्शन आमच्या उरावर. त्याचं काय होतं? पत्रं. त्या रात्री मी डायरीत लिहून ठेवलंय : इंग्रजीचा भाव किलोला १३ रुपये.

मग मी थेट ईमेल पाठवायला सुरुवात केली. हायस्कूलचे एक निवृत्त मास्तर संध्याकाळी येऊन पत्रं तपासायचे. त्यांच्या इंग्रजीत 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' वगैरे असायचं, ते मी पत्र जाताना खोडायचो. चाळीसेक पत्रांना उत्तर नाही. एकेचाळिसाव्याला आलं, इटलीतल्या रेज्जो एमिलियाहून. शेतीच्या फवारणी पंपांचे कारखाने त्या भागात पुष्कळ आहेत. तिथल्या एका छोट्या पंपवाल्याला महिन्याला दोन टन पंप बॉडी हव्या होत्या. त्याचं इंग्रजी माझ्याहून वाईट होतं, देवाची शपथ. फोनवर दोघेही क्रियापदं गाळायचो. "सँड नो गुड, सरफेस लाइक ऑरेंज." मला लगेच कळलं, वाळूचा दाणा जाड पडलाय. त्याच्या मातृभाषेत तो बोलला असता तर मला काही कळलं नसतं, आणि अस्सल लंडनवाला त्याच्या भाषेत बोलला असता तरीही. आमची मुलं त्याला इटलीमामा म्हणायची. पुढे तो स्वतःही ईमेलखाली तसंच लिहायला लागला.

आता २००८. हे मी मनातून कितीदा काढून टाकलंय, तरी लिहितो. जूनमध्ये भंगाराचा भाव डोक्यावर गेलेला असताना उत्तर युरोपातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची एलसी आली, म्हणजे कागद तंतोतंत जुळले तर पैसे द्यायची त्याच्या बँकेची हमी. पूर्ण कंटेनरचा माल, बावीस टन. ऑक्टोबरमध्ये तो निघाला तोवर जग बसलं होतं, लोखंडाचा भाव कोसळला होता, आणि जूनच्या दराने माल घ्यायची त्या गिऱ्हाइकाला अजिबात इच्छा उरली नव्हती. त्याचा इथला एजंट कोण, तर आमचा तोच मुंबईकर.

एलसीच्या ४५ए रकान्यात मालाचं वर्णन होतं 'पंप केसिंग', म्हणजे पंपाचं कवच. इन्व्हॉइस मी स्वतः टाइप केलं होतं. मी लिहिलं 'पंप कास्टिंग'. चौदा वर्षं तोंडात तोच शब्द, हाताने तोच लिहिला. इंग्रजीत या दोन शब्दांत फरक एका 'टी'चा. बँकेने पाचव्या दिवशी नकाराचा स्विफ्ट (बँकांमधला संदेश) पाठवला.

मी भांडलो. बँकांच्या तपासणीच्या मानक पद्धतीत चक्क लिहिलेलं आहे की साधी स्पेलिंगची चूक खोट धरायची नाही, आणि उदाहरण दिलंय मशीनच्या स्पेलिंगमध्ये 'सी'ऐवजी 'एस' पडल्याचं. आमच्या बँकेतल्या मॅडमनी शांतपणे सांगितलं, "साहेब, तुमचं स्पेलिंग बरोबर आहे. म्हणूनच अडचण आहे. हा दुसराच शब्द झाला." पॅकिंग लिस्टला ढोबळ वर्णन चालून जातं. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या कलम १८ प्रमाणे इन्व्हॉइसला चालत नाही.

कंटेनर रॉटरडॅमला पडून, रोजचं भाडं चढतंय, माल त्यांच्याच ड्रॉइंगचा, दुसऱ्याला विकला तर भंगार. मुंबईकराचा फोन आला. मराठीत बोलला, पहिल्यांदाच. तीस टक्के सोडा म्हणाला. सोडले. शिवाय बँकेने कागदातल्या खोटीचा दंड कापून घेतला तो वेगळा. बँकेचा हप्ता तटला, वीजबिल तटलं, भट्टी सतरा दिवस गार. मिस्त्री रोज येऊन पॅटर्नवरची धूळ झटकायचे आणि जायचे.

अठराव्या दिवशी इटलीमामाचा ईमेल आला, त्यात एकच ओळ : "यू मेल्ट, आय पे बिफोर." पाठोपाठ पुढच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरचे निम्मे पैसे. त्यालाही मंदी होतीच की.

नंतरची दहा वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नव्या फाउंड्रीवाल्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. एलसी आली त्या दिवशीच ४५ए आणि ४६ए (लागणाऱ्या कागदांची यादी) मोठ्याने वाचा, दोघांनी, शब्द न् शब्द. तुमचा नेहमीचा शब्द तिथे नसेल तर माल हलायच्या आधी अमेंडमेंट, म्हणजे एलसीत दुरुस्ती, मागा, जहाज सुटल्यावर गिऱ्हाइकाच्या दयेवर राहाल. वर्णन टाइप करू नका, कॉपी करा. कंटेनरच्या मालाला सवयीने एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी तुमची) ठोकता ते सोडा, एफसीए (वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंतच तुमची) लिहा. पोरांना स्पोकन इंग्लिशला घालता, घाला. पण ड्रॉइंगवर 'अनलेस अदरवाइज स्पेसिफाइड' (वेगळं सांगितलं नसेल तर) याच्या खाली टॉलरन्सचा, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचा, जो तक्ता असतो, तो आधी वाचायला शिकवा. आमचं निम्मं रिजेक्शन त्या तीन शब्दांपायी झालंय. आणि उच्चाराची लाज धरू नका, पैसे उच्चाराचे मिळत नाहीत.

मुंबईकर परवा पुण्याला एका लग्नात भेटला. "तुमचं इंग्रजी फार सुधारलं म्हणे," असं म्हणाला. मी जिलेबी खात होतो, खात राहिलो.

इटलीमामा गेल्या वर्षी निवृत्त झाला. आता त्याचा मुलगा लिहितो. इंग्रजी निर्दोष, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. पहिल्याच ईमेलमध्ये त्याने पेमेंट ३० दिवसांऐवजी ९० दिवसांनी करायचं म्हटलंय, तेही निर्दोष इंग्रजीत. मी ४५ लिहून पाठवलेत. उत्तर अजून यायचंय.