सातारचा दगड समुद्राखाली

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात उगम पावणाऱ्या नद्यांपैकी कृष्णा, वेण्णा, कोयना आपल्या साताऱ्याकडं येतात, सावित्री मात्र कोकणात उतरून बाणकोटला अरबी समुद्राला मिळते. पण वीसेक हजार वर्षांपूर्वी ती तिथं मिळतच नव्हती! हिमयुग ऐन भरात होतं, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली, त्यामुळं आज जो भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्रतळाचा उथळ पट्टा, पाण्याखाली आहे (मुंबईसमोर तो जवळपास ३०० किमी रुंद आहे) त्यातला बराचसा भाग उघडी जमीन होता आणि आपल्या घाटातनं उतरणाऱ्या नद्या तिच्यावरनं पुढं वाहत जायच्या.

हे कळतं कसं, तर मला सगळ्यात आवडतो तो पुरावा म्हणजे ऊइड. चुन्याचे बारीक गोल दाणे, लाटांनी सतत हलणाऱ्या अगदी उथळ कोमट पाण्यातच तयार होतात, आणि मुंबईसमोर ते सापडतात ८०-९० मीटर खोलीवर, म्हणजे एकेकाळी तिथं किनारा होता.

दुसरी पद्धत आवाजाची. जहाजावरनं आवाज सोडायचा आणि तळाखालच्या थरांवरनं परत आलेला प्रतिध्वनी नोंदवायचा, त्यात गाळानं बुजलेली जुनी नदीपात्रंसुद्धा दिसतात. काही ठिकाणी गाळात मिथेन अडकलेला असतो, तिथं आवाज पुढं जातच नाही आणि खालचं सगळं झाकलं जातं, मग नळी ठोकून गाळच वर काढायचा.

अजून खाली गेलं की आपलीच ओळख निघते. १९७४ ला मुंबईसमोरच्या समुद्रात बॉम्बे हायला तेल लागलं ते चुनखडीत, पण त्या सगळ्या थरांच्या खाली बऱ्याच ठिकाणी बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला खडक) आहे, आपल्या अजिंक्यताऱ्याचा तोच काळा दगड, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल बोअर मारले तेव्हा किलोमीटरभर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट लागला, मधे गाळ नाहीच. आणि वर? वर कासचा जांभा. बाकी कोट्यवधी वर्षांत झिजलेलं सगळं पावसानं धुऊन नेलं, तिकडं समुद्रात मात्र थरावर थर साचत गेले. म्हणून मला मनापासनं वाटतं की सह्याद्री किती झिजला हे समजून घ्यायचं तर नुसते कडे बघून भागणार नाही, समुद्रातला गाळ वाचायलाच हवा.

शाळेच्या सहली कोयना धरणावर जातातच, एखादी बाणकोटला न्या राव. खाडीतला चिखल पोरांच्या हातात द्या आणि सांगा की ह्यात आपल्या डोंगराच्या बेसाल्टची झिजून झालेली माती आहे.