मच्छरदाणी घरात, गर्भवती शेतात

भामरागड तालुक्यातील एका उपकेंद्रात मी आरोग्यसेविका आहे. अश्विनात धान निसवू लागले, की इथली अनेक कुटुंबे रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतातल्या झोपडीत मुक्कामाला जातात, आणि पावसाळा सरतानाचे हेच दिवस हिवतापाच्या जोराचे असतात. आशाताईंच्या नोंदवहीतील एक पहिलटकरीण अशीच नवऱ्याबरोबर शेतावर राहत असल्याने तपासणीला येत नव्हती, म्हणून आम्ही दोघी नाला ओलांडून तिच्याकडे गेलो.

ताप नाही, फक्त चार पावले चालले की दम लागतो, असे ती माडिया भाषेत म्हणाली आणि आशाताईंनी मला ते मराठीत सांगितले. पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक, हिमोग्लोबिन ६.८ ग्रॅम भरले. हिवतापाच्या भागात वाढलेल्या प्रौढांच्या अंगी या रोगाविरुद्ध काहीशी प्रतिकारशक्ती आलेली असते, त्यामुळे त्यांना कित्येकदा ताप जाणवतही नाही. परंतु गर्भारपणात, विशेषतः पहिल्या खेपेला, फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या हिवतापाचे परजीवी वारेत दडून राहतात, आईचे रक्त कमी होत जाते आणि बाळ कमी वजनाचे जन्मू शकते किंवा पोटातच दगावू शकते. ताप नाही म्हणून तपासणी टाळणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते. हिवतापाच्या तपासणी किटवर रक्ताचा थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी काचपट्टीही केली. पंधरा मिनिटांत फाल्सिपेरमची रेघ उमटली.

आता खरा प्रश्न महिन्यांचा होता. पहिल्या तिमाहीत तेव्हा क्विनाइन द्यावे लागे, त्यानंतर तीन दिवसांची एसीटी, म्हणजे आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषध, देता येते, आणि प्रायमाक्विन हे हिवतापाचे दुसरे औषध तर गर्भवतीला द्यायचेच नसते. तिला पाळीची तारीख आठवेना. तेव्हा आशाताईंनी विचारले, "तेंदूपाने तोडायला जात होतीस, तेव्हा पाळी आली होती का?" आली होती, हंगाम संपता संपता, त्यानंतर नाही. मी पोट तपासले, गर्भाशय बेंबीपर्यंत आले होते. पाच महिन्यांचा हिशेब दोन्हीकडून जुळला, तेव्हा एसीटीचा पहिला डोस समोरच दिला. एवढ्या कमी रक्तावर तिला शेतात ठेवणे शक्य नव्हते. दिराने आणि शेजाऱ्यांनी तिला खाटेवरून रस्त्यापर्यंत नेले आणि तिथून गाडीने ग्रामीण रुग्णालयात पाठवले. नवऱ्याचीही तपासणी केली. त्यालाही काही त्रास नव्हता, पण त्याच्या किटवरही तीच रेघ आली.

जेवण घेऊन आलेल्या सासूबाईंना मी मच्छरदाणीविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "आहे ना घरी. ती इकडे आणली तर लेकरं कशात झोपतील, बाई?" त्यांचे म्हणणे रास्त होते. आपण घरातली माणसे मोजून मच्छरदाण्या वाटतो, पण राखणीच्या महिन्यांत तेच कुटुंब दोन ठिकाणी झोपते, आणि गर्भवती नेमकी जिथे मच्छरदाणी नाही तिथे असते.

आशाताई त्याच संध्याकाळी किट घेऊन आसपासच्या झोपड्यांत फिरल्या, तेव्हा गावच्या यादीत घरी राहतात म्हणून नोंदलेल्या आणखी दोन गर्भवती तिथे सापडल्या. दोघींच्या किटवर हिवताप आला नाही. उपकेंद्रात शिल्लक असलेल्या कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या दुसऱ्या दिवशी शेतावर पोहोचवल्या, आणि आशाताईंनी आपल्या वहीत प्रत्येक गर्भवतीच्या नावापुढे 'रात्री कुठे झोपते' हा नवा रकाना आखला.