पेशंट उचलायचा नाही, सरकवायचा

कोल्हापुरात एका खासगी हॉस्पिटलच्या ऑर्थो वॉर्डात मी स्टाफ नर्स आहे. कंबर न दुखणारी सिस्टर आमच्याकडं शोधून सापडणार नाही. त्यात तालमीतला गडी मांडीचं हाड मोडून आला, की मामालोकसुद्धा, म्हणजे आमचे वॉर्डबॉय, आधी एकमेकांची तोंडं बघतात.

फिजिओ सरांनी ट्रेनिंग घेतलं होतं: पाठ ताठ, गुडघे वाकवा, ओझं अंगाजवळ धरा. पोत्याला हे चालतं. पेशंट मधेच कळवळतो, हात आखडतो, आणि पलंगावर ओणवं व्हावंच लागतं. मग वाचताना अमेरिकेतल्या 'नायोश' या कामाच्या जागची सुरक्षा बघणाऱ्या संस्थेचा आकडा सापडला. पेशंट हलवताना एकानं हातावर साधारण १६ किलोपेक्षा जास्त भार घेऊ नये, तोही पेशंट साथ देत असेल तर. माणसाचा एक पायच वजनाच्या जवळपास सहावा हिस्सा भरतो. म्हणजे १०० किलोच्या पैलवानाचा ड्रेसिंगसाठी नुसता पाय धरला, तरी मर्यादा गाठली! हा हिशोब मेट्रन मॅडमना कागदावर मांडून दाखवला आणि स्लाइड शीटची, म्हणजे पेशंट सरकवायच्या गुळगुळीत नायलॉनच्या शीटची, मागणी टाकली.

स्टोअरच्या दादांचं उत्तर ठरलेलं, "चादरी आहेत की सिस्टर, ही नायलॉनची कशाला?" कागद बराच फिरला. शेवटी डेमो मागवला आणि दादांनाच पलंगावर झोपवलं. आधी चादरीवरून ओढलं, मग शीटवरून. सही त्यानंतर झाली.

आता पलंग आमच्या कमरेइतका वर घेतो. स्ट्रेचर चिकटून, किंचित खाली, दोन्हीचे ब्रेक लावलेले. पेशंटला कुशीवर वळवून दुहेरी शीट पाठीखाली घालतो. मोडका पाय एकजण सांभाळतो. पलंग आणि स्ट्रेचरमधल्या फटीवर सरकवायची सपाट फळी, म्हणजे बोर्ड. 'एक, दोन, तीन' डोक्याकडचा एकटाच म्हणणार. ओढताना दंडाचा जोर लावायचा नाही, पुढच्या पायावरचा भार मागच्या पायावर घ्यायचा. काम झालं की शीट लगेच काढायची, नाहीतर पेशंट गादीवरून घसरेल.

मामांची कुरकुर होतीच, "एवढ्यात दोघं हलवून झाले असते." रात्रपाळीला माणसं कमी असली की जुनी सवय अजून डोकं वर काढते. नातेवाइकांना "जरा हात लावा" म्हणणं मात्र बंद केलंय.

शीटनं आडवा पेशंट सरकतो. ज्याला पायावर भारच देता येत नाही त्याला खुर्चीत बसवायला होइस्टच, म्हणजे पेशंट उचलायचं यंत्रच हवं. त्याचा अर्ज मार्चनंतर द्या, असं अकाउंट्सनं सांगितलंय. कोटेशन मी आत्ताच मागवून ठेवलंय.