ब्रिजमधला सहा इस्पिकचा स्लॅम: बारावा हात कुठून आणायचा?

डमी (दक्षिणेच्या जोडीदाराची उघडी पानं): इस्पिक राणी-गुलाम-10, बदाम एक्का-8-6-4, चौकट राजा-7-3, किलवर एक्का-6-2.
दक्षिण: इस्पिक एक्का-राजा-8-7-6, बदाम 3, चौकट एक्का-राणी-4-2, किलवर राजा-7-4.

दक्षिण सहा इस्पिक खेळतोय, म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी बारा हात करायचे (हाच स्लॅम). पश्चिमेची उतारी, म्हणजे पहिलं पान, किलवर राणी. डमीतलं पान मागण्याआधी मोजून घ्या. हुकमाचे पाच, बदामचा एक, चौकटचे तीन, किलवरचे दोन. झाले अकरा.

बहुतेकांची नजर लगेच चौकटवर जाते. बाहेरची सहा पानं दोन विरोधकांत 3-3 असण्याची शक्यता 36 टक्के. हुकमाच्या दोनच फेऱ्या काढून चौथी चौकट डमीत मारायची (हुकमाने कापायची) सोय ठेवली, तर चार चौकट आणि उरलेला हुकूम एकाच विरोधकाकडे असला तरी डाव निघतो. पण सगळं धरून शक्यता निम्म्याच्या जेमतेम वर जाते.

हुकूम 3-2 असण्याची शक्यता मात्र 68 टक्के. डमीचे तिन्ही हुकूम मोठे आहेत, तेव्हा बाहेरचे हुकूम डमीच्या पानांनीच काढायचे आणि डमीतले तीन बदाम दक्षिणेने मारायचे. हुकमाचे पाचाऐवजी सहा हात होतात. हाच डमी रिव्हर्सल.

इथे डाव बुडतो तो पहिल्याच हाताला. किलवर एक्क्याने घेतलात तर शेवटी डमीत जायला वाटच उरत नाही आणि तिथला तिसरा हुकूम अडकून पडतो. म्हणून राजाने घ्या. मग बदाम एक्का, आणि लगेच बदाम मारा, तोही 8 ने; मागून वरचढ मारायला फक्त 9 चालेल. आता इस्पिक 6 राणीकडे, मग डमीतून गुलाम, खाली 7.

दोन्ही विरोधकांनी दोन्ही वेळा हुकूम दिला, म्हणजे बाहेर एकच उरला. तिसरा बदाम एक्क्याने मारा, चौकट राजाने डमीत जा, चौथा बदाम राजाने मारा. मोठी पानं अशी खर्चताना हात कचरतो, पण लहान हुकूम शिल्लक नाहीतच, आणि एक्का-राजावर कुणाला मारता येत नाही. किलवर एक्क्याने पुन्हा डमीत, इस्पिक 10 वर शेवटचा हुकूम पडतो आणि तुमची हरणारी किलवर 4 त्यावर जाते. राहिले चौकट एक्का आणि राणी. चौकट 3-3 असेल तर तेरावाही तुमचाच.

गुलामावर एखाद्याने हुकूम दिला नाही, म्हणजे वाटणी 4-1, तर बेत तिथेच बदला. डमीतून 10, वर एक्का, मग राजा. सगळे हुकूम निघाले. आता चौकट 3-3 हवी. या सोयीसाठीच बदाम फक्त एकदा मारून हुकमाच्या दोन फेऱ्या आधी घेतल्या. ही जोड धरून यशाची शक्यता 78 टक्क्यांच्या आसपास जाते. 5-0 ला मात्र इलाज नाही.