मारबतीबरोबर काय काय पाठवायचं

भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, रात्री साडेनऊ

घसा पार बसलाय. दुपारी नागपूरच्या नेहरू पुतळ्याजवळ इतकी ओरडले की संध्याकाळी आईशी फोनवर धड बोलता येईना. काळी आणि पिवळी मारबत, हे बाईचे दोन मोठे पुतळे, मिरवणुकीत समोरासमोर आले की तिथे कुणाला गप्प उभं राहताच येत नाही. ‘इडा पिडा, खासी-खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ शेजारी एक आजी नातवाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्याच्या हातात तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी होता आणि दर आरोळीला तो नंदी उंच धरत होता.

काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. बांबू, कागद आणि रंगांची ही बाई दरवर्षी नव्यानं घडवायची, पुजायची, मिरवायची आणि त्याच दिवशी जाळायची. जपून ठेवायचं काहीच नाही. मी चित्रकला याच शहरात शिकले. युरोपातल्या शैली सनावळीसकट पाठ केल्या, पण वर्गात मारबतीचं नाव कधी निघालं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. एवढी मोठी, लोकांनी लोकांसाठी केलेली कला जवळपास दीडशे वर्षांपासून दाराशी उभी आहे आणि आपण ती ‘परंपरा’ या खात्यात टाकून मोकळे होतो.

मला त्यातले बडगे जास्त आवडतात. मारबत ठरलेली, बडगे मात्र दरवर्षी वेगळे. महागाई, डेंग्यू, भ्रष्टाचार, त्या वर्षी शहराला जे छळतं त्याचा पुतळा. एरवी माणूस अशा गोष्टींबद्दल घरात बसून कुरकुरतो. बडग्याला नाक-डोळे आले, पोट सुटलं, गळ्यात पाटी अडकली की तीच कुरकुर हजारोंच्या तोंडून रस्त्यावर येते. जे सहन करायचं म्हणून सहन करत होतो ते सहन करायचं नाही, हे त्या घटकेला सगळ्यांना एकदम कळतं. समाज कशाला वाईट म्हणतो हे अशा ठिकाणी ठरतं. म्हणून बडगा करणाऱ्या पोरांना मी कलाकारच म्हणते.

तरी आज एक गोष्ट मनातून जात नव्हती. बडग्याचा चेहरा नेहमी दुसऱ्याचा असतो. नदी घाण झाली तर बडगा पुढाऱ्याचा, नाहीतर साहेबाचा. तेही दोषी आहेतच, त्यांना सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. पण आपल्या मोरीचा बडगा कुणी केलेला मी पाहिला नाही.

ज्या नदीवरून या शहराला नाव मिळालं ती नाग नदी मिरवणुकीच्या वाटेपासून फार लांब नाही. लाव्ह्याच्या टेकड्यांकडून निघते, अंबाझरीतून पुढे सीताबर्डी, महाल, नंदनवन, पारडी करत पिली नदीला भेटते, मग कन्हान, मग वैनगंगा. तिथून ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात. माझ्या स्वयंपाकघरातून गेलेलं खरकटं पाणी शेवटी भंडाऱ्याकडच्या ढिवराच्या जाळ्यात पोहोचतं. ही माहिती सगळ्यांना आहे, पेपरात शेकडो वेळा छापून आली आहे. नदीसाठी शेकडो कोटींची योजनाही मंजूर आहे. तरी शहराच्या बोलण्यात ती अजून ‘नाला’च आहे. माहिती कमी पडली असं मला वाटत नाही. आपण तिला आपलं मानलं नाही, आणि मानायला लावेल असं काही आपल्यासमोर फारसं आलंच नाही.

जुलैत सातवीच्या वर्गाला विषय दिला होता: ‘तुमच्या घरातून बाहेर पडलेलं पाणी कुठे जातं ते काढा.’ बऱ्याच मुलांचं चित्र मोरीच्या जाळीपाशीच संपलं. काहींनी पाइप काढला आणि तो कागदाच्या कडेला नेऊन सोडला. काहींनी नदी काढली ती निळीशार, मागे डोंगर, डोंगरात सूर्य. नदीकाठच्या वस्तीतली एक मुलगी मात्र कितीतरी वेळ रंग कालवत बसली होती. पिवळ्यात काळा, त्यात थोडा हिरवा, पुन्हा काळा. मी विचारलं, तर म्हणाली, ‘‘मॅडम, आमच्या इथची नदी निळी नाही नं जी.’’

तिचं चित्र मी अजून कपाटात ठेवलं आहे. मधोमध तो शेवाळी-काळा पट्टा. काठाची भिंत, भिंतीवर दुधी भोपळ्याचा वेल आणि त्याला लागलेलं एकच फळ, अगदी देठापाशी रंग फिका केलेलं. झुडपात अडकलेली गुलाबी पिशवी. दोन बगळे. घराच्या भिंतीवर, खिडकीच्या जरा वर, एक आडवी तपकिरी रेघ. ती कशाची म्हणून विचारलं. ‘‘पाणी आलं होतं ना, इथवर.’’ २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. त्या रात्रीच्या पावसानं अंबाझरी ओसंडली आणि नदीकाठचं शहर झोपेत पाण्याखाली गेलं. मागच्या बाकावरचा अंबाझरीकडे राहणारा मुलगा उठून आला. त्यांच्याही घरात शिरलं होतं. दोघं कितीतरी वेळ त्या रेघेवर बोट ठेवून बोलत होते.

मग मी सगळ्यांचे कागद फरशीवर मांडायला सांगितले आणि तिचं चित्र मध्ये ठेवलं. कडेला सोडून दिलेले पाइप मुलांनी खडूनं फरशीवरून ओढत नेले. सगळे तिच्या कागदाशी येऊन थांबले. कुणीतरी विचारलं, ‘‘म्हणजे आमचं पाणी तुमच्याकडे येते?’’ ती म्हणाली, ‘‘येतेच नं.’’ त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. पर्यावरणाच्या पुस्तकातला धडा त्यांनी आधीच शिकला होता, त्यावर परीक्षाही दिली होती. पण नदीची घाण आणि वर्गातली मैत्रीण या दोन गोष्टी त्या धड्यात एकत्र आल्या नव्हत्या. फरशीवर त्या आल्या. कोण वरच्या अंगाला राहतं, कोण खालच्या, आणि खालच्या अंगाला राहावं लागणारे लोक बहुतेक वेळा कोण असतात, हा प्रश्न नदीच्या प्रश्नातून वेगळा काढताच येत नाही.

अशा वेळी मला न्यूयॉर्कची कलाकार मिअर्ल लेडरमन युकेलीस आठवते. आई झाल्यावर तिला जाणवलं की धुणं, पुसणं, सांभाळणं यातच तिचा दिवस जातो आणि या कामाला जगात काही किंमत नाही. १९६९ मध्ये तिनं जाहीरनामा लिहिला: सांभाळण्याचं हे कामच माझी कला. पुढे ती न्यूयॉर्कच्या स्वच्छता विभागात बिनपगारी कलाकार म्हणून रुजू झाली. १९७९-८० मध्ये तिनं शहरातल्या साडेआठ हजार सफाई कामगारांना एकेक करून गाठलं, प्रत्येकाशी हात मिळवला आणि म्हणाली, शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार. यात चित्र नाही, पुतळा नाही. शहरात मान कुणाला द्यायचा याची यादी तिनं बदलून दाखवली.

हेच आपल्याकडे केलं तर? आपल्याकडे हात मिळवण्याचा अर्थ आणखी खोल जातो. इथे स्पर्शच नाकारला गेला होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली ती याच शहरात, आणि तरी आजही गटार साफ करायला उतरणारा माणूस बहुधा कोणत्या जातीचा असतो हे आपल्याला विचारावं लागत नाही. हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, तरी देशात माणसं गटारात गुदमरून मरतात. त्यामुळे नुसते आभार मानून घरी जाणारी कला मला नको. त्यांना मशीन हवं, हातमोजे हवेत, वेळेवर पगार हवा. कलेनं निदान एवढं करावं की या मागण्या ऐकताना आपल्याला त्या ‘त्यांच्या’ वाटू नयेत.

जर्मन कलाकार जोसेफ बॉयसचं कामही मला या कारणासाठी मोलाचं वाटतं. १९८२ मध्ये त्यानं जर्मनीतल्या कासेल शहरात संग्रहालयासमोर बेसाल्टचे सात हजार दगड आणून टाकले. एक झाड लावलं की त्यातला एक दगड उचलून झाडाशेजारी रोवायचा. लोक चिडले, चौक विद्रूप झाला म्हणाले. पण किती झाडं लावायची राहिली हे त्या ढिगाकडे पाहिलं की कुणालाही दिसत होतं. १९८६ मध्ये बॉयस गेला, शेवटचं झाड १९८७ मध्ये त्याच्या मुलानं लावलं. आपल्याकडे पावसाळा आला की रोपं लागतात, फोटो निघतात, उन्हाळ्यात त्यातली किती जगली हे दाखवणारा दगड कुठेच नसतो. उड्डाणपुलांच्या खांबांवर वाघ आणि फुलपाखरं रंगवली आहेत, ती सुंदर आहेत, मुलांना आवडतात. ती आपल्याकडे काही मागत नाहीत, एवढीच माझी खंत.

आज परतताना ठरवलं की पुढच्या वर्षी वर्गाचा बडगा करायचा. चेहरा कुणाचा ते मुलांनीच ठरवावं, वाद होऊ द्यावा, पण अट एक: अंगाला लावायचं सगळं सामान आपापल्या घरच्या आठवड्याभराच्या कचऱ्यातलं. प्लॅस्टिक जाळायचं नाही, त्यामुळे हा बडगा मिरवणुकीनंतर उकलून, वेचून वेगळा करावा लागेल, आणि तो वेचायलाही मुलंच हवीत. त्याआधी आमच्या भागात झाडणाऱ्या ताईंना वर्गात बोलवायचं आहे. मुलांनी फरशीवर काढलेला तो नकाशा त्यांनी तपासावा. कोणता नाला कुठे तुंबतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. पाहुण्या वक्त्याला शाळा जे मानधन देते तेच त्यांनाही मिळालं पाहिजे. सोमवारी मुख्याध्यापकांशी बोलते. आवाज तोवर सुटायला हवा.