कंट्रोलची लॅब उभी राहिली, पण डेड स्टॉक की कन्झ्युमेबल?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कंट्रोल सिस्टीम्स शिकवतो. रूट लोकस (कंट्रोलरचा जोर बदलला की सिस्टीम कशी वागेल त्याचा आलेख) पोरं कागदावर झकास काढतात, पण मोटर हातात दिली की विचारतात, "सर, हिचं ट्रान्सफर फंक्शन कुठं लिवलं असते?" (म्हणजे किती व्होल्ट दिले की ती कशी फिरेल याचं गणिती सूत्र.) म्हणून दर गटाला एन्कोडरवाली (किती फिरली ते मोजणारी) डीसी मोटर, आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि मोटरला करंट पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर द्यायचं ठरवलं. एका संचाला रास्पबेरी पाय (एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) आणि वेबकॅम, म्हणजे तो घरून चालवता येईल. जोडणी, कोड झटपट झालं.

अडलं ते स्टोअरमध्ये. तीन कोटेशनं दिली, तुलनात्मक तक्ता दिला, तरी फाइल परत. वस्तू डेड स्टॉकला (वर्षानुवर्षं टिकणारं सामान) चढवायच्या की कन्झ्युमेबलला (वापरून संपणारं)? मोटर डेड स्टॉक, तिचा ड्रायव्हर कन्झ्युमेबल. एकाच संचाच्या दोन फाइली करा म्हणे. आर्डुइनो कॉम्प्युटरमध्ये मोडतो का? मोडत असेल तर त्या विभागाची ना-हरकत आणा. जम्पर वायरी नगावर मोजायच्या की पाकिटावर, यावर वेगळं टिपण. क्लार्क म्हणाले, "सर, ऑडिटवाले मलेच इचारतीन, तुमाले नाही." माणूस खरं बोलत होता, त्यामुळे भांडताही येईना. इकडे सेमिस्टर सरत आलेलं, पोरं सिम्युलेशनवरच. शेवटी सुटे भाग खोडून 'मोटर नियंत्रण प्रयोग संच' अशी एकच ओळ लिहिली. सही झाली! तुम्हीही मागणीपत्रात तसंच लिहा.

पीआयडीचं लूप (हवा तो वेग आणि खरा वेग यातला फरक बघून मोटरला सतत दुरुस्त करणारा कोड) आर्डुइनोतच फिरू द्या. नेटवरून फक्त सेटपॉइंट (हवा तो वेग) आणि गेन (दुरुस्तीचा जोर) पाठवा, मग गावाकडचं नेट अडकलं तरी मोटर बिथरत नाही. बाहेरून कॉलेजच्या नेटवर्कमध्ये शिरायची परवानगी मागत बसू नका. रास्पबेरी पायनेच बाहेरच्या एमक्यूटीटी ब्रोकरला (संदेश इकडून तिकडे पोचवणारा सर्व्हर) जोडून घ्यायचं.

हां, एल२९८एन दोनेक व्होल्ट स्वतःच खातो. बारा दिले तरी मोटरला दहाच्या आसपास मिळतात. गणित जुळत नाही म्हणून पोरं रडतात, ते आधीच सांगा.

इंटिग्रल वाइंडअप (मोटर अडलेली असताना पीआयडीत चूक साठत जाणं) मात्र लॅबमध्येच दाखवा. शाफ्ट चिमटीत धरायचा, थोडं थांबायचं, सोडायचा. मोटर सेटपॉइंट ओलांडून सुसाट पळते आणि पोरं "आबे!" करून मागे सरकतात. घरी वेबकॅमवर ते कळत नाही.

रिमोटवाल्या संचात एवढं घालाच: काही सेकंद संदेश आला नाही तर मोटर बंद. पोरगं लॅपटॉप मिटून जेवायला जातं, ती रात्रभर फिरत राहते.